नातीचं मनगट, मास्तरांचा गुडघा

शिंपीमास्तरांचा नातीवर फार जीव होता, पण तिच्या मनगटावर ते मनातून जळायचे. झोपाळ्यावरून पडून पोरीनं हाड मोडून घेतलं आणि घरात तिची राजेशाही सुरू झाली. दूध काय, अंडी काय, सकाळचं ऊन काय! सून वाटी घेऊन तिच्या मागे मागे फिरायची. मास्तरांचा गुडघा कित्येक वर्षं कुरकुरत होता, त्याला कधी कुणी वाटी दाखवली नव्हती.

"लहान हाड आहे, बघता बघता जुळेल," डॉक्टर म्हणाले आणि मास्तरांकडे वळले. "तुमची मात्र झीज आहे, काका. ती भरून येत नाही. पाय समोर सरळ करून धरत जा रोज, मांडीत बळ आलं की गुडघ्याचा भार हलका होईल."

मास्तरांना मिरच्या झोंबल्या. व्यायाम म्हणे! इथे मशीनचं पायडल दाबताना डोळ्यांत पाणी येत होतं. मशीन थांबलं तर मास्तर म्हणून उरायचं काय?

वाट नातीनंच काढली. तिचे पाय धडधाकट, यांचे हात. ती मशीनखाली बसून पायांनी पायडल हलवायची, ते वर कापड सरकवायचे.

"हळू गं, बाही आहे, शर्यत नाही!"

"मग तुम्हीच दाबा ना!"

भांडत भांडत शिवण सरळ यायची. मास्तरांना या कामाची इतकी गोडी लागली की, हाड जरा सावकाशच जुळू दे, असं एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

हाड कशाला थांबतंय? प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी हात चालवायला सांगितला. बाहेर मैत्रिणी हाका मारत होत्या आणि पोरगी हात पोटाशी धरून मशीनखाली.

"अजून दुखतंय, आजोबा."

ती आपल्यासाठी खोटं बोलतेय, हे मास्तरांनी ओळखलं. गप्प बसले असते तर हातातला शर्ट संध्याकाळपर्यंत झाला असता.

"ऊठ!" ते खेकसले. "हात असा जपत बसलीस तर आखडून जाईल. माझं बघतेस ना? दुखतं म्हणून बसलो, तो बसलोच."

ती गेली. खिडकीतून मास्तर बघत राहिले. स्पंजचा पहिला चेंडू तिच्या हातून सुटला, दुसरा तिनं झेलला. मास्तरांच्या पोटात पुन्हा दुखलं. मग त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या पाय समोर सरळ केला आणि गुडघ्याला शिव्या घालत तसाच धरून ठेवला.