कुंकू लावलेले डॉलर आणि हॅलाँगची बोट

परदेशात खर्चाचे पैसे कसे न्यावेत, याचं उत्तर आमच्या लातुरात प्रत्येकाकडं आहे. पासपोर्ट मात्र फार थोड्यांकडं. आम्ही नवरा-बायको व्हिएतनामला निघालोय म्हटल्यावर शेजाऱ्यांनी कंबरेला बांधायचा चोरकप्प्यांचा पट्टा सुचवला, कुणी बुटातली जागा दाखवली. मी फॉरेक्स कार्ड म्हणत होते. पण नवऱ्याचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीचं दुकान. हातात कडकड वाजत नाही तो पैसाच नव्हे, असं त्याचं ठाम मत.

"मशीन बंद पडलं तर कार्ड काय चाटायचंय?"

"आणि अहो, पाकीट मारलं तर?"

"माझं? मोंढ्यात कुणाची हिंमत झाली का आजवर?"

हनोईचे पाकीटमार मोंढ्यात येऊन गेले नसावेत, एवढंच मी म्हणाले. शेवटी तह झाला. हजार डॉलर रोख, शंभराच्या दहा नोटा. आणि कार्डात तीनशे, 'आणीबाणीसाठी'. पॅन आणि पासपोर्ट दाखवला की दोन्ही लातुरातच मिळतं. नोटा कोऱ्या मागून घ्या. आम्ही घेतल्या होत्या, म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

या सगळ्यात माझा हट्ट एकच होता, हॅलाँगच्या खाडीत बोटीवर एक मुक्काम. पाण्यातून उठलेल्या त्या हिरव्या डोंगरांचा फोटो मी पाच वर्षं मोबाइलवर बघत होते. थोडी रक्कम आधी भरली होती. उरलेले दोनशे चाळीस डॉलर हनोईत शनिवारी दुपारी बाराच्या आत भरायचे, नाहीतर खोली दुसऱ्याला जाणार.

विमान हैदराबादहून. बिदरवरून गेलं तर लवकर पोहोचतं, पण आम्ही उदगीर-देगलूर असा वळसा घेतला, कारण देगलूरला अक्का. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी असं पोटभर झाल्यावर म्हणाल्या, "बघू तरी, कसे असत्यात ते डॉलर." नवऱ्यानं कौतुकानं दहाही नोटा पाटावर मांडल्या. अक्का आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. प्रत्येक नोटेला ओल्या हळदीकुंकवाचं एकेक बोट.

"अक्का, अहो राहू द्या!"

"लक्ष्मी परमुलखात निघाली अन् तिला मोकळ्या कपाळानं धाडू? चालत असंल तुमच्या लातुरात."

नवरा हात जोडून उभा. दुकानात काट्याला कुंकू, वहीला कुंकू, नव्या मालाच्या पहिल्या पोत्याला कुंकू. डॉलरनं काय घोडं मारलंय? खरं सांगायचं तर मलाही तेव्हा गंमतच वाटली. नोटेवरचा तो लांब केसांचा गृहस्थ टिळा लावून थेट कीर्तनकार दिसत होता.

शुक्रवारी दुपारी हनोई. विमानतळावर भाव कमी देतात म्हणून आम्ही शहाण्यासारखे जुन्या बाजारातल्या परवानाधारक दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं नोट दिव्याखाली धरली, उलटी केली, सुलटी केली. मग मोबाइलमध्ये काहीतरी बोलून पडदा आमच्यापुढं केला. हिंदीत लिहिलं होतं, 'क्या यह खून है?'

"नो, नो!" नवरा ओरडला. "पूजा! सिस्टर! गॉड!"

मुलीनं दहाही नोटा दोन बोटांनी आमच्याकडं सरकवल्या. डाग पडलेली नोट तिथं चालत नाही. पुढच्या दोन दुकानांतही हेच. मोठ्या बँकेत घेतील, असं एकानं सांगितलं, पण तोवर संध्याकाळ झालेली, बँक आता सोमवारी.

हॉटेलवर आल्यावर मी अंघोळीला गेले नि बाहेर येऊन बघते तर नवरा बेसिनमध्ये दोन नोटा साबणानं चोळतोय. साबण लागला की हळद लाल होते, हे स्वयंपाकघरात राबलेल्या बाईला माहीत असतं, आडत्याला नसतं. कीर्तनकाराचं तोंड आता होळी खेळून आल्यासारखं झालं होतं.

शनिवारी सकाळी तो खालच्या आवाजात म्हणाला, "बोट राहू दे. कार्डातले पैसे जेवायला ठेवू. बँकेनंही नाही घेतलं तर?"

प्रश्न बरोबर होता. पण पाच वर्षं मीही काही तरी धरून बसले होते. साडेअकराला मी बोटवाल्यांच्या ऑफिसात कार्ड घासलं. वर तीन टक्के जास्त लागले, ते तुम्हीही हिशेबात धरा. कार्डात उरलेले जेमतेम पन्नास डॉलर एटीएममधून तिथल्या पैशांत काढले. दोघांचं भागतं का? भागतं. बोटीवर जेवण भाड्यातच असतं, आणि हनोईच्या फुटपाथवर टोफूचा गरम शेवयांचा वाडगा दीड-पावणेदोनशे रुपयांत मिळतो.

रविवारी पहाटे मी डेकवर गेले, तर नवरा माझ्या आधीच कठड्याला टेकून उभा. धुक्यातून एकेक डोंगर पुढं येत होता. बोट राहू दे म्हणणारा माणूस चहा निवला तरी हलला नाही. मी त्याला दुसरा गरम चहा आणून दिला, टोमण्याशिवाय. मला ओळखणाऱ्यांना याची किंमत कळेल.

सोमवारी बँकेत पासपोर्ट, फॉर्म, भिंग आणि दीड तास. आठ नोटा घेतल्या, थोडे टक्के कापून. धुतलेल्या दोन नाकारल्या.

घरी आल्यावर अक्काला फोन. नवऱ्यानं धीर करून सगळं सांगितलं. पलीकडून अक्का, "मग बरंच झालं की! जे दुकानदार घेईना, ते चोर कशाला घेतोय? धा गेल्या, दोन वापस आल्या अन् एक बी चोरी न्हाई. कुंकवानंच राखलं."

तुम्ही जाणार असाल तर बहुतेक पैसे कार्डावर, तेही दोन वेगळ्या कार्डांवर, एकेकाजवळ एकेक. थोडे कोरे डॉलर, कडक पाकिटात. घडी नाही, शिक्का नाही, निरोप देणाऱ्यांना दाखवणं नाही.

काल नवरा मोंढ्यातून आला, डबा ओट्यावर ठेवला आणि पाठमोराच म्हणाला, "पुढच्या वर्षी श्रीलंका बघू. पैशाचं तू बघ."

चोवीस वर्षांत हे वाक्य या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. बँकेनं कापलेले, बोटवाल्यांनी जास्तीचे घेतलेले आणि साबणानं गिळलेले दोनशे, सगळं मिळवून पाहिलं. स्वस्तात पडलं.