मास्तरांचे वाकडे टाके

मास्तरांच्या पाठीवर लालसर चट्टे उठले त्याला नऊ वर्षं झाली. शिंपीकाम म्हटलं की कापडाची खळ, रंग, धूळ. अंगावर काहीतरी उठायचंच, असं म्हणून ते मलमांवर मलमं चोपडत राहिले. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी कातडीचा तुकडा तपासायला पाठवला आणि निघाला त्वचेचा लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सरच. तो कुठे पसरलाय का, हे बघायला स्कॅन केलं, तर आतड्यात भलताच दुसरा कॅन्सर ठाण मांडून बसलेला. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, असं बाई म्हणाल्या.

"म्हणजे दोन वेगळे भाडेकरू," मास्तर म्हणाले. बायको हसली नाही. त्यांनाही हसू आलं नव्हतं. खरं तर काहीच आलं नव्हतं.

चट्ट्यांना मशीनचा प्रकाश, आतड्याला सलाईनमधून औषध. आतड्यातली गाठ आकसू लागली, पण चौथ्या सलाईननंतर बोटं बधिर झाली. तसं झालं तर औषध थांबवावं लागेल, हे आतड्याच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. मास्तरांनी ब्रही काढला नाही. छत्तीस वर्षं ज्यांच्या टाक्यात कुणी खोट काढली नाही, त्यांना आता सुई हातात आहे की पडली, हे बघून कळायचं. शर्टाची बटणं तर लागेनातच. मग एका दुपारी दुकानाचं दार ओढून त्यांनी स्वतःच्या शर्टाची काजं शिवून टाकली, बटणं नुसती दिसायला वर ठेवली आणि आतून एकमेकींना चिकटणाऱ्या व्हेलक्रोच्या पट्ट्या लावल्या. बायकोला पत्ता नाही, अशी त्यांची समजूत.

या खेपेला चट्टे बघायला बाईंनी शर्ट काढायला सांगितला. व्हेलक्रो चर्रकन उघडलं. बाईंनी पट्टी उलटून पाहिली. टाके कुठे लांब, कुठे एकावर एक, शेवटी तर कापड सोडूनच गेलेले.

"हे काय? बटणं लावता येत नाहीत? बोटं बधिर झालीत का?"

मास्तरांनी हात मांडीखाली सरकवले.

"अहो, मी लावलंय ते," बायको म्हणाली. "यांना खाज सुटली की सारखा शर्ट काढतात. मला मेलीला कुठे शिवता येतं!"

लग्नापासून तिने शिवणाच्या मशीनला हात लावला नव्हता. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ती पिशवीतल्या फायली सारख्या करत होती. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं.

बाई हसल्या. "ते दिसतंच आहे," म्हणाल्या, आणि कागदावर 'बोटं ठीक' असं लिहून टाकलं. तो कागद आतड्याच्या डॉक्टरांकडे जायचा; म्हणजे पुढचं सलाईन ठरल्या दिवशी मिळणार होतं.

"तिला नाहीच जमत," मास्तर म्हणाले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या टाक्यांना हसलं होतं, आणि तेही सोबत हसले.