प्रमिलाबाईचं मनगट

झुलाल शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यात ट्रॅक्टर चालवतो. तो दहा वर्षांचा होता, तेव्हा बापाने बैल हाकायच्या काठीने आईचं, प्रमिलाबाईचं, डावं मनगट मोडलं. ते वाकडंच बसलं. बाप मेल्यावर त्याच मनगटावर हात ठेवून झुलालने आईला शब्द दिला, बायकोवर कधी हात उचलणार नाही. अठरा वर्षं त्याने तो पाळला. भल्याभल्या शिकलेल्यांना जमत नाही ते या गड्याला जमलं. लोक 'बायकोचा बैल' म्हणत. तो खुशाल हसे.

गेल्या महिन्यात त्याच्या बायकोला, दिपमालाला, चिकुनगुन्या झाला. तिची बोटं आखडली, म्हणून झुलालने अंगणात बसून तिची वेणी घातली. पुतण्या समाधानने ते चोरून मोबाइलवर घेतलं आणि खाली एकच शब्द टाकून गावभर पाठवलं: सिम्प.

रविवारी शेतात भरीत पार्टी होती. प्रमिलाबाई आणि इतर बायका पुऱ्या तळत होत्या, झुलाल मुसळाने भाजलेली वांगी कुटत होता आणि बाकीचे गडी तो व्हिडिओ बघून फिदीफिदी हसत होते.

"काय शे रे हाई सिम्प?" झुलालने विचारलं.

समाधानला चेव आला. इंग्रजीत सिंपलटन म्हणजे भोळसट, त्याचा हा तुकडा. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत बावळटाला म्हणत, आता बाईपुढे लोळण घेणाऱ्याला म्हणतात. "बठ्ठं जग म्हनस, काका!"

बैल म्हणणारे ओळखीचे होते, त्यांना उलटून शिवी देता यायची. सगळ्या जगाला काय देणार? झुलालची कानशिलं तापली.

तेवढ्यात दिपमाला आली. "तुम्हना हात भाजना ना? द्या, मी कुटस." तिने मुसळाला हात घातला.

"सिम्प! सिम्प!" गडी ओरडले.

झुलालने तिच्या थोबाडीत मारली. ती पडली, तशी लाथ घातली. पुन्हा घातली. तिचा ओठ फुटला, पुऱ्यांच्या परातीत रक्त सांडलं. आडव्या आलेल्या समाधानच्या खांद्यावर मुसळ बसलं आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मघाचे हसणारे बहाद्दर आता चपला सोडून पळाले.

प्रमिलाबाईने सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. झुलालच्या हातातलं मुसळ गळून पडलं. "आई," म्हणत तो जवळ वाकला. तिने डोळे मिटले आणि ते वाकडं मनगट झटकन आपल्या डोक्यावर आडवं धरलं.