हजर सभासद दोनशे पंधरा

दोनशे पंधरा हा आकडा आजही कुठे दिसला, की मी क्षणभर थांबतो. निजामी अमदानीतली, चाळीसच्या दशकातली गोष्ट आहे. मुरुमच्या ठाण्यावर मी अमीन होतो. आज ज्याला फौजदार म्हणतात तोच हुद्दा. या हकिकतीत कोणाचं नाव घेणार नाही; त्यांची मुलं-नातवंडं अजून त्याच भागात राहतात.

त्या काळी माणसांनी एकत्र बसायचं म्हटलं तरी परवानगी लागे. वाचनालय असो, तालीम असो की भजनी मंडळ, प्रत्येकाला परवाना घ्यावा लागे आणि त्याच्या अटी ठरलेल्या असत. मंडळाने फक्त सेवा करावी. राजकारण करू नये. मंडळाच्या नावाने सरकारकडे अर्ज किंवा मागण्या पाठवू नयेत. सभा घ्यायची तर आधी कळवावं, आणि सभेचं इतिवृत्त दर तीन महिन्यांनी ठाण्यावर आणून दाखवावं. लग्न आणि मयत एवढ्यांनाच परवानगी लागत नसे. ती इतिवृत्तं वाचून खाली सही करणं माझ्याकडे होतं. खरं सांगायचं तर मी सही करत असे. वाचत असेच असं नाही.

जवळच्या एका गावात असंच एक मंडळ होतं. गोरगरिबाच्या घरी मयत झालं की खड्डा खणणं, खांदा देणं, पुढचे विधी उरकणं हे त्याचं काम. सात जणांची कमिटी, बहुतेक लिंगायत व्यापारी. चिटणीस एक किराणा दुकानदार होता. अक्षर सुरेख आणि स्वभाव काटेकोर. त्याच मंडळाचा एक सभासद, पानमळा करणारा, पन्नाशीचा माणूस, उन्हाळ्यात ऊन लागून वारला असं कळलं. आसपासच्या बऱ्याच गावांतून माणसं येणार असल्याने मी जमादाराला घेऊन स्वतः गेलो.

लिंगायतांमध्ये मयताला बसवून नेतात. सजवलेल्या विमानात, म्हणजे मखरासारख्या तिरडीत, तो पानमळेवाला मांडी घालून बसला होता. कपाळाला भस्म, गळ्यात बेलाच्या माळा, डोळे मिटलेले. खांदेकऱ्यांच्या पावलागणिक मान किंचित डुलत होती, जणू काही ऐकून होकार देतो आहे. मी टोपी काढली. स्मशानाच्या फाटकाशी उभा राहून चालत आत जाणारी माणसं मोजली. दोनशे चौदा. खड्ड्याभोवती धोतरांचा आडोसा धरला होता. आत कोणीतरी कानडीत सुरावर काहीतरी वाचत होतं. मला कानडी येत नव्हतं. धर्माचं काही असेल असं समजून मी लांबच राहिलो.

माणसं परत निघाली तेव्हा पुन्हा मोजली. दोनशे पंधरा.

मी आकड्यांचा माणूस. पण जेवढे आत गेले त्याहून जास्त बाहेर कसे येतील? माझंच चुकलं असं धरून रोजनाम्यात पंधराचे चौदा केले.

महिन्याभराने, भर दुपारी, त्या पानमळेवाल्याची बायको ठाण्यात आली. मोकळे हात, मोकळं कपाळ. जमादाराने बसायला सांगितलं तरी ती उभीच राहिली.

“साहेब, माझ्या मालकाला धरा.”

“बाई, तुमचे मालक तर वारले. मी स्वतः मातीला आलो होतो.”

“वारले न्हाईत. रोज दुपारी मळ्याच्या बांधावर उभं राहत्यात. पाणी ठिवलं तर पीत न्हाईत. हाक मारली की वळून जात्यात. धरा त्यास्नी.”

“धरून काय करू?”

“चोरी लावा, दारू लावा. तुमच्या वहीत नाव लिवा, म्हंजी झालं.”

“वारले नाहीत म्हणता, ते कसं?”

“ते मला इचारू नका.”

ती गेल्यावर जमादार म्हणाला, “साब, ये अपने बस का नहीं. किसी दरगाह पे भेज दो बेचारी को.” मला ते पटलं. तरी खबर ती खबर. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघे मळ्याच्या विहिरीआड जाऊन बसलो.

ऊन असं होतं की सावली पायाखालीच राहावी. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. मला पापणी लवल्याचं आठवतं, आणि मग बांधावर तो होता. कुठून आला ते दिसलं नाही. अंगावर तेच पांढरं वस्त्र, कपाळाला भस्म. घराच्या दिशेने तोंड करून तो नुसता उभा होता. दारात बाई उभी होती. दोघांच्या मध्ये पाण्याचा तांब्या ठेवलेला. शेजारी जमादार तोंडातल्या तोंडात कलमा पुटपुटायला लागला.

मी उठून त्याला नावाने हाक मारली. तो सावकाश माझ्याकडे वळला.

“इल्ल,” म्हणाला.

इल्ल म्हणजे ‘नाही’, एवढं कानडी मला कळत होतं. ज्या माणसाचं नाव मी घेतलं तोच माणूस नाही, असं तो सांगत होता, आणि आवाजात जराही थट्टा नव्हती. मग तो पानवेलींच्या दाट सावलीत शिरला. आम्ही मळा धुंडाळला; कोणी सापडलं नाही. ओल्या मातीत पावलं उमटली होती. मी वाकून पाहिली. बोटं पुढच्या बाजूलाच होती. चौकशी सुरू करायला मला तेवढं पुरलं.

ठाण्यावर येऊन रोजनामा काढला. खोडलेला आकडा शाईखालून दिसत होता. मग मंडळाची इतिवृत्ताची वही मागवली. त्या तारखेखाली सुरेख अक्षरात लिहिलं होतं: हजर सभासद दोनशे पंधरा. खाली माझी सही होती.

चिटणिसाला समोर बसवलं. वही उघडून बोट ठेवलं.

“मयत माणूस हजर कसा?”

त्याने वही आपल्याकडे वळवून ती ओळ वाचली. “अमीनसाब, इतिवृत्तात खोटं लिहायचं न्हाई, असा आमच्या मंडळाचा नियम हाय. हजर व्हते तेवढं लिवलं.”

“म्हणजे त्या दिवशी सभा झाली?”

“व्हय. नवी कमिटी निवडली. सक्तीच्या लेव्हीचं धान्य कमी घ्या म्हणून सरकाराला अर्ज वाचला, मंजूर केला.”

“अटी ठाऊक होत्या ना?”

“पाठ हायत. परवानगी तीनदा मागितली, तुमीच तीनदा नाकारली. मेल्याबिगर तुमी जमू देत न्हवता. पानमळेवाला म्हनाला, म्या मरतो.”

“मग दुसऱ्या दिवशी घरी का नाही पाठवलंत?”

“तीन दिसांनी पाठवनार व्हतो. पन पाटलानं मयताच्या वहीत नाव चढवलं. तुमी सोता येऊन गेला. आता त्यो जिता निघाला तर समदे आत जात्याल. त्यानं मठात बसून शपथ घेतली, मेलो म्हंजी मेलो.”

पानमळेवाल्याची बायको ठाण्याच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. ती चिटणिसाला म्हणाली, “अण्णा, समद्यांसाठी एकटीनंच रांडाव व्हायचं व्हय? कंच्या नियमात बसतंय ते?” चिटणिसाने मग मठातली खोली सांगितली.

पानमळेवाल्याला त्याच दिवशी मठाच्या मागच्या खोलीतून आणलं. कोठडीत तो मांडी घालून, डोळे मिटून बसला. विमानात बसला होता तस्साच. मी नाव, बापाचं नाव, वय विचारलं. डोळे न उघडता तो म्हणाला, “साहेब, मेलेल्याला कंचं कलम लावता?” तो सोंग करत नव्हता. महिनाभर मठात कोणी त्याला नावाने हाक मारली नव्हती आणि त्याचं त्यालाच खरं वाटायला लागलं होतं.

बाईला आत सोडलं. तिने रडून पाहिलं, पाय धरले. काही नाही. शेवटी ती चिडली. “बसा मग. मळा वाळला. पान्याची पाळी चुकतीया. भावकीतल्यानं काल आपली पाळी घेतली, माझ्या देखत.”

त्याच्या पापण्या हलल्या.

“कुनी घेतली?” तो म्हणाला.

मी लगेच कागद ओढून लिहिलं: आरोपी जिवंत, शुद्धीवर, बोलतो आहे.

मंडळाने अट मोडली होती. मी तसं वर कळवलं. परवाना रद्द झाला, चिटणीस काही महिने आत गेला. जमलेल्या बाकीच्यांची नावं माझ्याकडे नव्हती. मी फक्त डोकी मोजली होती. पानमळेवाल्यावर आपल्याच मृत्यूची खोटी खबर दिल्याचा आरोप ठेवला आणि तहसीलदारांनी ताकीद देऊन सोडलं. त्यानंतर गावात दोन गरीब वारले तेव्हा खांदा द्यायला मंडळ नव्हतं. माझ्या जवानांनी खड्डे खणले, मीही एक खांदा दिला. चालताना विचार आला, की बंदोबस्तासाठी एवढी वर्षं मी फाटकाशी उभा राहिलो, पण आत काय वाचतात ते एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं आणि परवानगी दिली असती, तर हा माणूस बसून ऐकायला आला असता, बसवून न्यावा लागला नसता. पुढच्या नोकरीत अशा अर्जावर ‘नामंजूर’ लिहिण्यापूर्वी मी अर्जदाराला समोर बोलावून ऐकून घेत असे. परवानगी दर वेळी देता आली नाही, हेही खरं.

शेवटचं काम पाटलाकडे होतं. मयताच्या वहीत चढलेलं नाव काढायला रकानाच नसतो. पाटलाने बराच विचार करून जन्माची वही उघडली आणि त्यात त्या पानमळेवाल्याचं नाव घातलं. वय, पन्नास. मग टाक शाईत बुडवून त्याने विचारलं, “आईचं नाव?”

हिरव्या बांगड्या भरून बाई नवऱ्याशेजारी उभी होती.

“माझंच घाला,” ती म्हणाली. “ह्यास्नी आनलंय म्याच.”