दोन मुली, एक स्कूटर आणि नलिनीताई

नेरूळच्या आमच्या महाविद्यालयात नलिनीताई चित्रपट शिकवायला येत. पहिल्याच तासाला त्यांनी विचारले, "घरी न सांगता कुठवर गेला आहात?" सगळे हसले. माझ्याशेजारची दर्शना मात्र म्हणाली, "पनवेलपर्यंत. लय भारी वाटला!"

त्या उत्तरातून ताईंचा चित्रपट जन्मला. स्कूटरवरून कोकणात निघालेल्या दोन मैत्रिणी, एक सोसायटीतली, दुसरी खाडीकाठच्या गावातली. भूमिका आम्हा दोघींनाच मिळाल्या, गावातल्या मुलीची दर्शनाला. वाटेत गावातल्या मुलीला गॅरेजमधला एक तरुण आवडतो आणि ती ते मैत्रिणीला मोकळेपणाने सांगते, असा एक प्रसंग होता. तो दर्शनाच्या वडिलांच्या कानी गेला आणि त्यांनी तिला घरी बसवले.

"ते वाक्य सोसायटीतल्या मुलीला द्या," निर्मात्यांनी सुचवले. ताई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे आवडनिवड फक्त फ्लॅटमधल्या मुलींनाच असते?"

दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या दर्शनाच्या घरी गेल्या. ओट्यावर बसून त्यांनी तो प्रसंग एकही शब्द न गाळता वाचून दाखवला. वडील खाली मान घालून ऐकत होते. मासळी साफ करणारी तिची आई नवऱ्याला म्हणाली, "मला पन तुमी आवडला व्हता. बोलाची सोय नव्हती."

मग वडील ताईंना म्हणाले, "शूटिंगला मी पन येनार."

"या की. स्कूटर ढकलायला माणूस हवाच आहे."

ते खरेच आले. त्या प्रसंगाच्या दिवशी आपणहून दूर वळणावर उभे राहिले आणि लेकीचे बोलणे संपेपर्यंत गाड्या थांबवत राहिले.

पुढे महापे येथील नोकरी सोडून मी चित्रपट-संकलन शिकू लागले, तेव्हा आईने माझ्याशी अबोला धरला. ताई तिला अधूनमधून फोन करीत. बोलणे गुडघेदुखीचे आणि भाजीपाल्याचे. माझे नाव त्या काढीत नसत. शेवटी आईनेच त्यांना विचारले, "हिला जमेल ना हो?" ताई म्हणाल्या, "तुम्ही तिलाच विचारा." त्या संध्याकाळी आई माझ्याशी बोलली.

आज पंचाहत्तरीत ताई नवा चित्रपट लिहीत आहेत. त्यात प्रवासाला निघालेल्या दोघी सत्तरीच्या आहेत आणि त्यांतली एक प्रेमात पडते. "या वयात?" असे कुणी विचारले की ताई नुसत्या हसतात.

ताई, आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्या दोघींचा प्रवास आपल्या मनासारखा पडद्यावर येवो, आणि पहिल्या खेळाला मला आपल्या शेजारची खुर्ची मिळो.