तिकटीवरचा पत्ता

शिक्षक म्हणजे रिकामा माणूस, अशी सरकारची पक्की समजूत आहे. त्यामुळे चौथीच्या वर्गाबरोबर पेठेच्या मतदार यादीचं कामही माझ्या गळ्यात आहे. दारोदार फिरायचं, गेलेल्यांची नावं काढायची, नवीन पोरापोरींची घालायची आणि भर दुपारी दार वाजवलं म्हणून लोकांची बोलणी खायची. मी ती व्याजासकट परत करते, त्यामुळे पेठेत मला सगळे ओळखतात.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटली तेव्हा फाटकाशी एक म्हातारी उभी होती. मूळची चंदगडकडची. नवऱ्याबरोबर बांधकामावर म्हणून कोल्हापुरात आली, नवरा गेला, मागोमाग भाड्याची खोली गेली. आता नदीकडच्या गल्लीच्या तोंडाशी, जिथं तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवर, गुळाच्या बंद गोदामाच्या जिन्यात ती राहत होती. हे सगळं तिनं दुसऱ्या कुणाची तरी हकीकत सांगावी तसं सांगितलं.

“माझं नाव यादीत घाला बाई,” ती म्हणाली.

“मत कुणाला देणार मावशी?” मी चेष्टेनं विचारलं.

“मत ऱ्हाऊ दे. मी हितं हाय, एवढं लिवून घ्या.”

मागच्या पुराच्या वेळी पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा ती जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली होती. माणसं काढायला होडी आली. होडीवाल्यानं गल्लीतल्या लोकांना विचारलं, “तिकडं कोण ऱ्हायलंय का?” लोक म्हणाले, “तिकडं कोण न्हाय.” म्हातारीनं हाक मारली. हाक पोचली, हे तिला कळलं, कारण होडीतल्या एका बाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. होडी वळली. पाणी ओसरेपर्यंत ती तिथंच राहिली, भिंतीला पाठ लावून.

“पुन्ना पाणी यील की,” ती म्हणाली. “तवा कुणीतरी सांगाय नको?”

होडीवाले काही मतदार यादी बघून वल्हवत नाहीत, हे तिला सांगायला माझी जीभ रेटेना. पण नियम तिच्या बाजूचा होता आणि तो मला पाठ होता. घर नसलं म्हणून मताचा हक्क जात नाही. असा माणूस जिथं झोपतो, तीच जागा त्याचा पत्ता धरायची. त्याच्याकडं राहण्याचा कागद मागायचा नाही. फक्त माझ्यासारखीनं अंधार पडल्यावर तिथं जाऊन, तेही एकापेक्षा जास्त वेळा, तो खरंच तिथं असतो का हे डोळ्यांनी बघायचं. मी म्हटलं, नाव लावते, मला जिना दाखव.

पहिल्यांदा गेले ती नेमकी अमावस्या निघाली. कॅलेंडर न बघता बाहेर पडायची माझी जुनी खोड. दिवेलागण होऊन गेली होती. गल्लीत टीव्ही चालू होते, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि तिकटीवर मात्र दिवा असूनही कुणी थांबत नव्हतं. जिन्याच्या पायथ्याशी पत्रावळी मांडल्या होत्या. दहीभात, भाकरीचा तुकडा, उकडलेलं अंडं, टाचण्या टोचलेली लिंबं, वर हळदकुंकू. उतारे. घरातलं दुखणं, नजर, बाधा त्या माणसावरून ओवाळून अशा जागी आणून ठेवायची आपल्याकडची रीत. ठेवणाऱ्यानं बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. घरी जाऊन पायावर पाणी घ्यायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा.

म्हातारी वरच्या पायरीवर अंथरूण नीट करत होती. मी तिच्या शेजारी बसले.

“हे तू खातेस?”

“खातो की. लिंबू तेवढं टाकतो, पित्त हुतंय.”

मला हसू आलं. ते हसू तोंडावर होतं तेवढ्यात गल्लीतून एक बाई पत्रावळ घेऊन आली. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्यांची सून. मुलीला मधे झटके येत होते, वर्गातही एकदा आला होता, तेव्हापासून ही बाई रोज शाळेत यायची आणि माझा हात धरून बोलायची. मी तिला नेहमीसारखी हाक मारली. तिनं पत्रावळ ठेवली, ओठातल्या ओठात मुलीचं नाव घेतलं आणि मान वर केली. तिची नजर माझ्या तोंडावरून गेली. भिंतीवरून जाते तशी गेली, कुठं अडकली नाही. मी परत मोठ्यानं हाक मारली. वर्ग गप्प करणारा आवाज आहे माझा. ती वळली आणि ना घाईनं, ना सावकाश, निघून गेली.

मी घाबरले. उगाच कशाला लपवू? मी माझा हात दिव्याखाली धरून बघितला.

“माझं आसंच हाय,” शेजारून म्हातारी म्हणाली. “पैल्या पैल्यांदा लई वरडलो मी. मग सवय झाली.”

त्यानंतर आणखी काही जण आले. तरणा पोरगा आला, म्हातारा आला, नवी नवरी आली. प्रत्येक जण कुणाचं तरी नाव पुटपुटून, पत्रावळ ठेवून, पाठ करून गेला. आम्ही दोघी पायरीवर बसलो होतो आणि तिकटीवर कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीवाल्यांच्या घरी गेले. सुनेनं कौतुकानं चहा केला, लेकीची वही दाखवली. मी विचारलं, “काल मी एवढी हाक मारली, ओ का दिली नाही?”

“कुठं बाई?”

“तिकटीला. जिन्यावर होते मी, त्या मावशीशेजारी.”

तिनं बशी माझ्यापुढं सरकवली. “तिथं कोण नस्तंय,” ती म्हणाली.

“अहो, मी होते!”

“तुमी न्हवता बाई,” ती मला समजावल्यासारखी म्हणाली. “चहा घ्या, निवंल.”

दुसरी फेरी मी पहाटे, अंधार असतानाच केली. म्हातारी डोक्यावरून पटकूर ओढून झोपली होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मी शेरा लिहिला आणि नाव कच्च्या यादीत लागलं. पत्ता, गोदामाचा जिना. मी ती यादी नेऊन दाखवली, तर म्हातारीनं काय करावं? हातातली भाकरी खाली ठेवून पदरानं तोंड पुसलं.

आठवडाभरातच हरकत आली. या ठिकाणी अशी कोणीही बाई राहत नाही, सबब नाव वगळावं. खाली सही गिरणीवाल्या मामांची, त्याच सुनेच्या सासऱ्यांची. माझ्या अंगाची लाही झाली. मी तडक गिरणीवर गेले.

“मामा, सकाळी गिरणी उघडता ती त्या जिन्यासमोर. रोज दिसते ती तुम्हाला.”

“तिकडं बघत न्हाय आमी,” मामा जोंधळ्याचा डबा ओतत म्हणाले. “आमच्या बापजाद्यापास्नं बघत न्हाय. तिथं जे हाय ते हाय. ते खातंय, म्हून गल्ली बरी हाय. नातीचं झटकं कशानं थांबलं, सांगा?”

“डॉक्टरच्या गोळ्यांनी.”

“गोळ्या हुत्याच की. आदी का थांबलं न्हाईत?” मग त्यांनी गिरणी बंद केली. पट्टा थांबला आणि आतली पिठाची धूळ खाली बसायला लागली. “आन् बाई, माणसानं उतारा खाल्ला की ती पिडा त्या माणसाला लागती, ठावं न्हवं तुमाला? तिथं बाई हाय म्हून म्या सही करू? म्हंजे इतकी वर्सं आमी कुणाच्या अंगावर टाकतोय?”

मी भांडायला गेले होते खरी. हा माणूस खोटं बोलत नव्हता. तिथं कुणी नसणं, हे या सबंध गल्लीला पाहिजे होतं. ती असली तर पोराबाळांचा सगळा ताप, झटके, कावीळ, रात्रीचं दचकणं, सगळं एका जिवंत म्हातारीच्या पोटात गेलं होतं. परत येताना मी जिन्याकडं बघितलं. ती भर उन्हात पायरी झाडत होती आणि रस्त्यानं जाणारा एक जण तिच्या केरसुणीला वळसा घालून गेला, मान न वळवता.

हरकतीची सुनावणी तालुक्याच्या कचेरीत होती. म्हातारी नेसूचं धुऊन आली होती. मामा कोपऱ्यात, तिच्याकडं पाठ येईल अशा बेतानं उभे होते. साहेब घाईत होते. त्यांनी मला विचारलं, मी दोन्ही वेळचं सांगितलं. मग त्यांनी मामांना विचारलं.

“ही बाई तुमच्या गल्लीच्या तोंडाला राहते की नाही?”

“न्हाय,” मामा भिंतीला म्हणाले.

“हिच्याकडं बघून सांगा. तोंडावर सांगा, म्हणजे काढतो नाव.”

मामा वळेनात. ते वळून ‘न्हाय’ म्हणाले असते तर तिथंच संपलं असतं, आणि पुढच्या पाण्यात ती जिन्यावर असली काय आणि नसली काय.

तेव्हा म्हातारीच बोलली. पाठीमागून, अगदी शेजारणीसारखं तिनं विचारलं, “नात बरी हाय न्हवं? परत न्हाय न्हवं आलं झटकं?”

“न्हाय आलं, बरी हाय,” मामा म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. कचेरीत सगळ्यांनी ऐकलं होतं. मामा हळूहळू वळले, पण मान वर केली नाही. त्यांची नजर फरशीवरून सरकत गेली आणि म्हातारीच्या पायांवर थांबली. ते कशाला बघत होते ते तिथल्या शिपायालासुद्धा समजलं, कारण तोही बघायला लागला आणि मीही. नुसते पाय होते. भेगाळलेले, धुतलेले, बोटं पुढं असलेले.

“सरळ हाईत,” मामा म्हणाले. “मावशी, मग आमच्या पोरीचं ते सगळं तुला...”

“मला ठावं न्हाय,” म्हातारी म्हणाली. “मी भुकेली हुतो, जेवलो.”

साहेबांनी हरकत फेटाळून नाव कायम केलं आणि पुढच्याला हाक मारली. म्हातारी काही हलली नाही. तिचं काम अजून झालं नव्हतं.

“आता पाणी आलं तर सांगशीला न्हवं,” तिनं मामांना विचारलं, “मी हाय म्हून?”

“व्हय,” मामा म्हणाले. पण ते अजून तिच्या पायांकडंच बघत होते.