समोरून न पाहिलेली गाडी

मी लिहावं असं माझ्याकडे काही आहे का, याची मला खात्री नाही. आमच्या घरात लिहिणं म्हणजे सही करणं, आणि तीही बँकेत गेल्यावर. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच, त्यामुळे चार ओळी सरळ लिहिता येतात, एवढ्या आधारावर हे धाडस करतो आहे. ज्यांचं वाचन मोठं आहे त्यांनी मला सांभाळून घ्यावं. विषयसुद्धा काही मोठा नाही. एका जुन्या लांब गाडीबद्दल आहे, आणि तशीच गाडी वीतभर करून टेबलावर ठेवावी असं मला वाटतं, त्याबद्दल आहे.

त्या प्रकारच्या गाडीला स्टेशन वॅगन म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. साध्या मोटारीची डिकी काढून तिथपर्यंत छत वाढवत नेलं आणि तिन्ही बाजूंनी काचा लावल्या की जी गाडी तयार होईल, ती. येवल्यात आमच्या गल्लीतली पोरं तिला ‘लांबडी’ म्हणायची. गाडी पैठणीच्या एका व्यापाऱ्याची होती आणि माझे वडील त्यांच्याकडे ड्रायव्हर होते. विणकरांकडून आलेल्या साड्या नाशिकच्या दुकानांत पोचवायच्या, हे तिचं मुख्य काम. साड्या दबू नयेत, घडी मोडू नये, म्हणून शेठनी मुद्दाम मागे जागा असलेली गाडी घेतली होती.

शाळेला सुट्टी असली की वडील कधीकधी मला बरोबर न्यायचे. शेठ पुढे, वडिलांच्या शेजारी बसायचे. मागचं सीट आडवं पाडून त्यावर साड्यांचे खोके आणि कापडात बांधलेले गठ्ठे रचलेले असायचे. त्यात वडिलांच्या सीटच्या बरोबर मागे माझ्यापुरती जागा सोडलेली असायची. तिथे मी त्यांच्या सीटला पाठ टेकून, मागच्या काचेकडे तोंड करून बसायचो. म्हणजे वडील पुढे बघायचे, मी मागे, आणि मध्ये एका सीटची जाडी. त्यांनी ब्रेक दाबला की माझी पाठ सीटमध्ये रुतायची. गाडी चालवताना ते बोलायचे नाहीत. शेठ झोपले की मान न वळवता एवढंच विचारायचे, “हाय का रे?” मी म्हणायचो, “हाय.”

मागे तोंड करून बसलेल्याला रस्ता वेगळा दिसतो. सगळी गावं आधी निघून जातात आणि मग दिसतात. विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग आमच्या मागे मागे लहान होत जायची. निफाडच्या पुढे द्राक्षांचे मांडव दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे सरकत जाऊन शेवटी एक व्हायचे. मैलाच्या दगडांची मला दिसायची ती बाजू येवल्याकडे जाणाऱ्यांसाठी रंगवलेली असायची, त्यामुळे नाशिक किती राहिलं हे मला कधी कळलं नाही. घर किती मागे पडलं, ते मात्र वाचत जायचो.

पुढे शेठनी नवी मोठी गाडी घेतली आणि लांबडी विकली. नव्या गाडीत मला जागा नव्हती, आणि मी तसा मोठाही झालो होतो. मी बारावीत असताना वडील गेले. छातीत दुखायला लागलं तेव्हा ते गाडी धूत होते, इतकंच इथे सांगतो.

आता मी नाशिकला शिकतो. अशोकस्तंभाजवळ एका खोलीत कॉटबेसिसवर राहतो. बरोबरचे दोघं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. ते चांगले आहेत, पण त्यांचं बोलणं त्यांच्या त्यांच्यात असतं. वर्गात मला बोलायला वेळ लागतो, आणि माझं वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. संध्याकाळी मेसचा डबा खाऊन झाला की काय करावं कळायचं नाही. अशाच एका संध्याकाळी मोबाईलवर मला छोट्या गाड्यांचं ते जग सापडलं. खऱ्या गाड्यांच्या हुबेहूब, दारं उघडणाऱ्या प्रतिकृती जमवणारी माणसं जगभर आहेत. त्यात लांब गाड्या कितीतरी. अमेरिकेतल्या, बाजूला लाकडी फळ्या मारल्यासारख्या दिसणाऱ्या. स्वीडनमधल्या, कपाट आडवं करून चाकं लावावीत तशा चौकोनी. मी त्या बोटाने मोठ्या करून मागच्या काचेपाशी थांबायचो. तिथे आत कुणी बसू शकेल का, ते बघायचो.

शेवटी एक घेतलीच. हौस फिटली म्हणून एका मुलाने विकायला काढलेली, निळी, परदेशी. खोलीतल्या एकाने ती हातात घेऊन विचारलं, “ॲव्हरेज किती देते रे?” दुसरा म्हणाला, “मागे सामान बघ केवढं बसतंय. परीक्षा झाली की गाव गाठायला बरी.” मीही हसलो. ते वाचत बसल्यावर मी ती टेबलावर ठेवून मागच्या काचेतून आत पाहिलं. स्टिअरिंग डावीकडे होतं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, आणि मी ज्या सीटला टेकून बसायचो ते उजवीकडचं. या गाडीत त्या सीटवर बसणाऱ्याला काही काम नव्हतं. फरक साधाच आहे, पण मला ती पुन्हा बघवेना. मी ती खोक्यात घालून कॉटखाली सरकवली.

लांबडीसारखी प्रतिकृती कुठेच विकत मिळत नव्हती. गाड्या जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर मी भीतभीत विचारलं, तेव्हा सिडकोत राहणाऱ्या एका काकांचा पत्ता मिळाला. सातपूरच्या कारखान्यात डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवण्याचं काम करून ते निवृत्त झालेले. आता घरी पत्र्याच्या एसटी बस बनवतात, अगदी आतल्या घंटीच्या दोरीसकट. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि फोटो आणायला सांगितलं.

फोटो होते, आणि मी ते मोठ्या विश्वासाने घेऊन गेलो. काकांनी चष्मा लावून एकेक फोटो पाहिला, मग सगळे पुन्हा पाहिले.

“ही गाडी आहे की नवरदेव?” ते म्हणाले. “तोंड कुठंय याचं?”

तोपर्यंत माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. सगळे फोटो खंडेनवमीचे होते. त्या दिवशी शेठच्या घरी हातमागांची पूजा व्हायची, त्यानंतर गाडीची, आणि फोटोवाल्याला त्याच दिवशी बोलवायचे. एरवी गाडीचा फोटो कोण काढतो? त्यामुळे प्रत्येक फोटोत लांबडीच्या तोंडावर झेंडूच्या माळा, वर आंब्याची पानं, बाजूला उसाची कांडकी. शेठ हौशी, एका माळेवर भागायचं नाही. वडील शेजारी हातात नारळ घेऊन उभे, त्यांचा चेहरा अगदी स्वच्छ आलेला. गाडीचा चेहरा एकाही फोटोत नाही.

काका म्हणाले, कंपनीच्या तशा गाड्यांचे फोटो मिळतील, काही अडत नाही. तेव्हा मला अडचण सांगावी लागली. विंचूरला एकदा कांद्याची ट्रॉली मागे येऊन लांबडीच्या तोंडावर आदळली होती. येवल्याच्या गॅरेजवाल्याने मग कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीची जाळी आणि दिवे बसवून दिले. लांबडीचं तोंड बदललं, असं सगळे म्हणायचे, हे मला आठवतं. पण बदलून कसं झालं ते आठवेना. मी धावत यायचो तो सरळ मागच्या दाराकडे. जागा माझी तिथे होती.

“मग कंपनीचंच तोंड लावतो की,” काका म्हणाले. “कुणाला कळणार आहे?”

“मला कळेल,” मी म्हणालो.

“तुला तरी कुठं माहितीये?”

तरी मी नको म्हणालो, आणि काकांनीही ताणलं नाही. तोपर्यंत मागचं करायला घेतो म्हणाले.

गावी गेलो तेव्हा आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. गाडी रोज आपल्या दारासमोर यायची, समोरून कशी होती सांग, असं म्हटलं.

“मी कवा पाह्यलं तिचं तोंड?” ती म्हणाली. “गाडी आली की मी ह्यांच्याकडं बघायची. दमून आलेत, का जेवून आलेत, का शेठ बोलला काही. गाडीचं काय बघायचं त्यात?” मग तव्यावरची भाकरी उलटत, “दिवे गोल व्हते वाटतं. का चौकोनी? नाय सांगता यायचं बाबा.”

मग मी शेठच्या दुकानात गेलो. शेठ आता खूप थकलेत, माणसं ओळखत नाहीत. त्यांचा मुलगा हायवेवरची पेढी बघतो. तिथे गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवायचं काम चाललं होतं. पांढऱ्या गादीवर कुठे बसावं मला कळेना, म्हणून कडेला, चपलांजवळ बसलो. भाऊंनी, म्हणजे शेठच्या मुलाने, मला ओळखलं, वर बस म्हणाले, चहा सांगितला. शिक्षण कुठवर आलं ते विचारलं. गाडीचं ऐकून त्यांना हसू आलं, पण वाईट नाही. ती एका दलालामार्फत निफाडच्या बाजूला गेली होती एवढं त्यांना ठाऊक होतं. त्याच्याकडे चौकशी करून कळवतो, असं त्यांनी सांगितलं.

त्यानंतर मी वाट बघितली. ज्यांच्या घरात ड्रायव्हर नाही आणि जे ड्रायव्हरच्या घरातले नाहीत, त्यांना वाटेल की परत एक फोन करायला काय हरकत होती. मी मोबाईलवर मेसेज लिहायचो आणि पुसून टाकायचो. आमचे वडील त्यांच्या दारात उभं राहून हाक येण्याची वाट बघायचे, स्वतः हाक मारायचे नाहीत. ते माझ्यात कसं उतरलं मला माहीत नाही, पण उतरलं आहे.

दर शनिवारी दुपारी सिडकोला जाऊ लागलो. गाडी माझ्यासमोर तयार होत गेली. पत्र्याला आकार आला, छत लांबत गेलं, मागचं दार वर उघडायला लागलं. स्टिअरिंग उजवीकडे बसलं. काकांनी काड्यापेटीच्या पुठ्ठ्याचे साड्यांचे खोके केले आणि विचारलं, तू नेमका कुठे बसायचास. मी बोट दाखवलं. त्यांनी तिथले दोन खोके काढून टाकले. रंग दिला, थोडा पिवळसर पांढरा, तो फोटोंतून बाजूने दिसत होता. फक्त पुढे सपाट पत्रा राहिला. काका तिला फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. तशी ठेवली की ती पूर्ण वाटायची, आणि मी पुष्कळ वेळ तिच्याकडे बघत बसायचो. काका त्यांच्या बसला रंग देत असायचे.

एकदा ते म्हणाले, “घेऊन जा की. निदान मागून तरी बघशील रोज.”

मी नको म्हणालो. अर्धी घरी नेली तर मला तिची तशीच सवय होईल आणि मी भाऊंच्या फोनची वाट बघणं सोडून देईन, अशी मला भीती वाटत होती. आणि ते सोडलं की वडिलांबद्दल कुणाला काही विचारण्याचं कारणच उरणार नव्हतं. हे मी काकांना सांगितलं नाही. दिवाळीला खोलीतले दोघं घरी गेले. मी दोन दिवस उशिरा निघालो, फोन नाशिकमध्येच येईल असं काहीतरी वेड्यासारखं मनात होतं. फोन आला नाही. द्राक्षांची छाटणी झाली, मणी धरले, रस्त्याच्या कडेला विकायला द्राक्षांच्या पाट्या लागल्या, हंगाम संपत आला.

परवा दुपारी मेसमधून बाहेर पडत होतो तेव्हा भाऊंचा फोन आला. मी रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. दलाल गाव सोडून गेला होता, त्याचा नंबर मिळायला वेळ लागला, असं ते आधी म्हणाले. ते माझ्यापाशी उशिराचं कारण देतात याचंच मला अवघडल्यासारखं झालं.

“लागला बघ तपास,” ते म्हणाले. “निफाडच्या पुढं एका बागाईतदाराकडं आहे गाडी. चालू नाही, बांधाला उभी आहे. त्यानं द्राक्षाचे क्रेट वाहायला मागचं छत, काचा, सगळं कापून काढलं होतं, पिकअपसारखं केलं होतं. मागचं काही राहिलं नाही, ते पार भंगारात गेलं. पण मी विचारलं त्याला तुझ्यासाठी. तोंड तेच आहे म्हणाला, हात लावला नाही. ये म्हणाला कधीही बघायला.”